टर्की पडली, आता पुढचा अर्धा तास

शिकार केलेली माझी पहिली टर्की, म्हणजे कोंबडीसारखा पण खूप मोठा जंगली पक्षी, मी वाया घालवली, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. एप्रिल महिना, टेक्सासचं हिल कंट्री म्हणजे टेकड्यांचा भाग, लॅनो काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एक रँच म्हणजे गुराढोरांचं मोठं शेत, सकाळी साडेसातला नर पडला आणि मी असला खूश की आधी पंचवीस फोटो, मग सांगलीला व्हिडिओ कॉल, तिकडे संध्याकाळचे सहा म्हणजे सगळं घर फोनसमोर, मग रँचवाल्या म्हाताऱ्याबरोबर कॉफी, आणि शेवटी पक्षी आहे तसा कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबून गाडीच्या ट्रंकमध्ये. डॅलसला पोचायला चार तास. घरी पिशवी उघडली आणि बायको म्हणाली हे आत आणायचं नाही. पोटाकडचं मांस हिरवट पडलं होतं, वास तर विचारूच नका. अख्खा पक्षी टाकला. त्याचं वाईट अजून वाटतं.

ज्याला इकडे फील्ड ड्रेसिंग म्हणतात ते नीट शिकलो ते त्यानंतर. आपल्याकडे ड्रेसिंग म्हटलं की मलमपट्टी आठवते, पण इथे अर्थ एवढाच की पक्षी पडला त्या जागीच किंवा जवळपास पोट उघडून आतडी-कोथळा बाहेर काढायचा आणि मांस थंड करायचं. गावाकडे आजी-आत्याला गावठी कोंबडा साफ करताना ज्यांनी बघितलंय त्यांना यातलं निम्मं माहीतच आहे. फरक दोनच, एक म्हणजे हा कोंबडा वीस पाउंडाचा म्हणजे नऊ किलोच्या आसपास असतो, आणि दुसरा म्हणजे नळ, मोरी, गरम पाण्याचं पातेलं यातलं काही जवळ नसतं.

घाई कशासाठी ते आधी समजून घ्या म्हणजे बाकीच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. जिवंत टर्कीच्या अंगाचं तापमान साधारण 41 डिग्री सेल्सिअस, वर पिसांची जाड गोधडी, आणि पोटात बॅक्टेरियांनी भरलेली आतडी. मेल्यावर ती उष्णता बाहेर जायला वाटच नसते. मांसासाठी 4 ते 60 डिग्रीमधला पट्टा धोक्याचा, त्यात जितका वेळ जाईल तितकं वाईट. नोव्हेंबरच्या थंडीत शिकार करणारे सांगतील की काय होत नाय, दोन-तीन तास राहू दे, त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पण स्प्रिंग सीझनमध्ये, म्हणजे वसंतातल्या शिकारीच्या दिवसांत, टेक्सासला दहा वाजेपर्यंत ऊन चटके द्यायला लागतं, तिथे मी तरी अर्ध्या तासाच्या वर थांबत नाही.

सामान आदल्या रात्रीच भरून ठेवा. तीन-चार इंची पात्याची लहान धारदार सुरी, मोठी सुरी नको, मोठ्या सुरीने आतडं हमखास फुटतं. हाडं कापायची दणकट कात्री असेल तर उत्तम. नायट्रिलचे ग्लोव्हज दोन जोड, पेपर टॉवेलचा अख्खा रोल, झिपलॉक पिशव्या मोठ्या आणि लहान, एक बाटली साधं पाणी, हातभर सुतळी, टॅग म्हणजे पक्ष्याला बांधायची लायसन्सवरची चिठ्ठी लिहायला पेन, आणि गाडीत बर्फ भरलेला कूलर म्हणजे थंड ठेवायची पेटी. मी पुरेसा बर्फ घेतो असं समजून कायम कमी घ्यायचो, आता पेट्रोल पंपावरून वीस पाउंडाची पिशवी उचलतो आणि वर एक जास्तीची.

कायद्याचं पण थोडक्यात, कारण भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीशी आपला संबंधच येत नाही आणि इथे आल्यावर लोकांना वाटतं बंदूक घेतली की झालं. तसं नाही. टेक्सासमध्ये 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, हंटिंग लायसन्स लागतं आणि टर्कीसाठी त्यावर अपलँड गेम बर्डचं सात डॉलरचं एंडोर्समेंट म्हणजे जास्तीची परवानगी लागते. जे एच-वन-बी वगैरे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर आहेत त्यांनी तर जास्तच लक्ष द्या, फेडरल कायद्याने अशा माणसाला बंदूक आणि गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. मित्राची बंदूक नुसती हातात घेण्याआधी सुद्धा लायसन्स खिशात पाहिजे, आणि शंका असली तर वकिलाला विचारा, मला नको. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथली त्या वर्षीची नियमांची पुस्तिका वाचा, वेळा, टॅग, रिपोर्टिंग सगळं वेगळं असतं आणि दर सीझनला बदलतं.

आता पक्षी पडला असं धरू. धावत सुटू नका. भरलेली बंदूक घेऊन दगडगोट्यातून पळणारा माणूस टर्कीपेक्षा जास्त धोकादायक. बंदूक सेफ्टीवर, नळी जमिनीकडे, चालत जा. टर्की डोक्याला आणि मानेला नेम धरून मारतात त्यामुळे ती मेल्यावरही मिनिटभर जोरात पंख फडफडवते, आणि म्हाताऱ्या नराच्या पायाला मागच्या बाजूने जी काट्यासारखी नखी असते, तिला इथे स्पर म्हणतात, ती इंचभर लांब आणि चांगली टोकदार असते. त्याला पाय धरून उचलायला गेलात तर मनगट फाडून घ्याल. बुटाचा पाय मानेवर ठेवून उभे राहा, फडफड पूर्ण थांबू दे, मग बंदूक रिकामी करा, मग हात लावा.

लगेच टॅग. टेक्सासच्या कागदी लायसन्सवरच्या टॅगवर रँचचं नाव आणि काउंटी पेनने लिहायची, महिना आणि तारीख कापायची, आणि टॅग पक्ष्याला बांधायचा. ग्लोव्हज रक्ताने भरले की पेन धरता येत नाही म्हणून हे आधी. आणि हो, नर असल्याचा पुरावा घरी पोचेपर्यंत टिकवावा लागतो, म्हणजे एक तर स्परसकट एक पाय अंगाला जोडलेला राहू द्या, नाहीतर छातीवरची दाढी, ती घोड्याच्या केसांसारखी लोंबते ना ती, पिसं असलेल्या कातडीच्या तुकड्यासकट पक्ष्याबरोबर ठेवा. नवखा माणूस उत्साहात दोन्ही पाय तोडून टाकतो आणि दाढी खिशात घालून फिरतो, मग गेम वॉर्डनने, म्हणजे शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, रस्त्यात थांबवलं की बोबडी वळते.

फोटो काढायचे तर आत्ता, पाच मिनिटांत, साफ करण्याआधी. नंतर तो पक्षी फोटोत चांगला दिसत नाही.

मग सावली शोधा. लाइव्ह ओकच्या मोठ्या झाडाखाली सपाट जागा मिळते, पण बसायच्या आधी जमीन नीट बघा. इकडे फायर अँट म्हणून लाल मुंग्या आहेत, त्यांच्या वारुळाशेजारी पक्षी ठेवलात तर दोन मिनिटांत त्यावर आणि तुमच्यावर मुंग्याच मुंग्या. साप पण असतात, एप्रिलमध्ये रॅटलस्नेक बाहेर पडलेले असतात. मला आवडतं ते फांदीला सुतळी बांधून पक्षी डोक्याने टांगणं, मुंग्यांची कटकट नाही आणि पोट समोर येतं. पण पहिल्यांदा करताना जमिनीवर, पाठीवर उताणा ठेवूनच करा, समजायला सोपं जातं. मी खाली तेच सांगतोय.

हात घालायच्या आधी पक्षी निरोगी होता का ते एकदा बघा. मरतुकडा, हाडं लागणारा, नीट उडू न शकणारा पक्षी असेल तर मारायचाच नाही, आणि आधीच मेलेला सापडला तर हात लावायचा नाही, बर्ड फ्लूचे दिवस आहेत. ग्लोव्हज घालूनच काम, मध्येच पाणी पिणं, सिगरेट ओढणं, तोंड पुसणं बंद.

सुरुवात मानेकडून. छातीच्या वरच्या टोकाला, जिथे मान सुरू होते तिथली पिसं मूठभर उपटा, कातडी चिमटीत धरा आणि फक्त कातडीला दोन-तीन इंचाचा छेद द्या. आत एक मऊ फुगलेली पिशवी हाताला लागेल, खाल्लेले दाणे साठवायची, तिला इथे क्रॉप म्हणतात. ती कातडीला चिकटलेली असते, बोटांनी हळूहळू सोडवायची, सुरी लावायची नाही, फुटली तर आंबलेला चारा सगळ्या मांसावर पसरतो. क्रॉप मोकळी झाली की तिच्याबरोबर अन्ननळी आणि शेजारची कडक श्वासनळी वर मानेकडे कापून टाका आणि खालीही कापून क्रॉप अख्खी बाहेर घ्या. बाजूला नेऊन उघडून बघायची मला फार हौस आहे, एकदा नुसती कोवळी हिरवी पानं आणि नाकतोडे निघाले, एकदा मक्याचे दाणे, म्हणजे साहेब कोणीतरी हरणांना दाणे घालायला ठेवलेल्या फीडरवर जेवून आले होते. पुढच्या वेळी कुठे बसायचं ते यावरून कळतं.

वसंतातल्या मोठ्या नराच्या छातीच्या वरच्या भागात याच ठिकाणी एक जाड, पिवळट, बुळबुळीत स्पंजासारखा गोळा सापडेल. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं पक्ष्याला गाठ झालीय आणि आता हा पण टाकावा लागणार. तो रोग नाही. तो चरबीचा साठा, त्याला ब्रेस्ट स्पंजच म्हणतात, माद्यांच्या मागे फिरण्याच्या दिवसांत नर धड खात नाही तेव्हा त्यावर जगतो. खायचा मात्र नाही, चव कडवट-तेलकट असते, हाताने ओढून, जिथे अडेल तिथे सुरीने सोडवून टाकून द्या.

आता पोट. छातीचं मधलं हाड खाली जिथे संपतं ते टोक बोटाने शोधा. त्या टोकापासून शेपटीखालच्या भोकापर्यंतची पिसं उपटा. टोकाच्या जरा खाली कातडी चिमटीत धरून वर ओढा, म्हणजे ती आतड्यांपासून सुटते, आणि तिथे आडवा लहान छेद द्या. सगळा खेळ इथेच आहे. छेदात दोन बोटं घाला, बोटांच्या मधे पातं वरच्या दिशेने धरा, आणि कातडी आतून बाहेर कापत भोकापर्यंत या. पातं खाली आतड्यांकडे कधीच नाही. भोकाच्या भोवती गोल कापून ते आतड्यासकट सुटं करा, ते आतड्याला जोडलेलंच राहू दे, तोडायचं नाही, नाहीतर आतला माल तिथेच सांडेल.

मग हात आत. पूर्ण हात, मनगटापर्यंत, लाजू नका. तळहात आतड्यांकडे आणि बोटांची पाठ छातीच्या हाडाला घासत वर सरकवत न्या, जाता जाता चिकटलेले पातळ पडदे तुटतात. सगळ्यात आत, वरच्या टोकाला घट्ट लहान गोळा लागेल, ते हृदय. त्याच्या पलीकडे बोटं अडकवून सगळं एकदम, सावकाश पण न थांबता, स्वतःकडे ओढा. क्रॉप आधी काढलेली असल्यामुळे वर काही अडकत नाही आणि हृदय, कलेजी, पेटा, आतडी सगळं एका ओढीत बाहेर येतं. पहिल्यांदा माझं तीन ओढींत आलं होतं, काही बिघडत नाही. फुफ्फुसं मात्र राहतात, ती बरगड्यांच्या खाचांत गुलाबी स्पंजासारखी चिकटून बसतात, नखांनी खरवडून काढा. कंटाळा करू नका, सगळ्यात आधी तीच खराब होतात.

बाहेर आलेल्या ढिगातून कलेजी आधी उचला. तिला चिकटून हिरवी लहान पिशवी असते, पित्ताची, ती फुटली की कलेजी कडूजहर, त्यामुळे आजूबाजूची थोडी कलेजी गेली तरी चालेल पण पिशवी लांबून कापा. कलेजी गडद तांबूस आणि गुळगुळीत पाहिजे. तिच्यावर पिवळट गोल गोल चट्टे, खड्डे दिसले तर पक्षी आजारी होता, मी असला पक्षी खाणार नाही, तुम्हीही खाऊ नका, वाइल्डलाइफ खात्याला फोन करून विचारा. पेटा मुठीएवढा, दगडासारखा घट्ट असतो, त्याची कड धरून चिरा, आतले खडे आणि भरडलेला चारा झटकून टाका, आणि आतला पिवळा खरखरीत पापुद्रा सोलून काढा, तो घरी सोलला तरी चालतो. हृदय, कलेजी, पेटा लहान झिपलॉकमध्ये, सरळ बर्फात. पेटा-कलेजी सोडून देणारे अमेरिकन शिकारी पुष्कळ आहेत, आमचा रँचवाला म्हातारा मला त्याच्या पक्ष्याचं पण देतो आणि वर विचारतो, हे तू खरंच खातोस का? मी म्हणतो, काका, हे माझ्यासाठी पहिलं, टर्की नंतर. तो नुसता मान हलवतो.

पाणी कमीत कमी वापरा. पोटाची पोकळी पेपर टॉवेलने कोरडी पुसायची, ओलं मांस लवकर खराब होतं. आतडं फुटलंच तर मात्र पाण्याने लगेच धुवा, माखलेला भाग कापून टाका आणि पुन्हा कोरडं करा. छर्रा अंगात शिरला असेल तर तिथे पिसं आत ओढली गेलेली असतात आणि भोवती रक्त साकळलेलं असतं, तेवढा भाग कापून टाका.

पोकळी एखाद्या काडीने फाकवून ठेवा म्हणजे वारा लागतो. गाडी जवळ असेल तर झिपलॉकमध्ये बर्फ भरून ती बंद पिशवी पोटात ठेवा आणि पक्षी कूलरमध्ये. सुटा बर्फ पोटात भरू नका, वितळून मांस पाण्यात पोहत बसतं. कूलरचं पाणी सोडायचं भोक उघडं ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून बंद करणं हा माझा शोध होता, तो परत लावू नका.

आतड्यांचा ढीग पायवाटेवर किंवा पाण्याजवळ सोडू नका, जागेच्या मालकाला विचारा कुठे टाकू, झाडीत लांब टाकला की गिधाडं तासाभरात साफ करतात.

गाडीपर्यंत चालत जायचं असेल तर पक्षी खांद्यावर तसाच लोंबत ठेवून जाऊ नका. झाडीतून दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतं काय, तर लाल-पांढरं-निळं डोकं आणि हलणारी पिसं, म्हणजे त्याच्यासाठी चालणारी टर्की. भडक नारिंगी कापडात गुंडाळा किंवा बंद बॅगेत घाला. त्याच कारणाने स्प्रिंगमध्ये लाल, पांढरे, निळे कपडे घालून जायचं नाही, रुमालसुद्धा नाही.

घरी आल्यावर प्रश्न असतो पिसं उपटायची की कातडी सोलायची. अख्खी भाजायची असेल तर उपटा, पाणी 60 ते 65 डिग्रीपर्यंत गरम करून पक्षी अर्धा-एक मिनिट बुडवायचा, मग पिसं सटासट निघतात. उकळतं पाणी घेतलं तर कातडी शिजून फाटते. पण इतकं मोठं पातेलं कोणाकडे असतं, आणि अपार्टमेंटच्या बाल्कनीत पिसं उडवलीत तर शेजारी पोलीस बोलावतील. खरं सांगू, आपल्या रश्श्यासाठी कातडी सोलणंच बरं. छातीवर मधोमध उभा छेद द्या आणि स्वेटर काढल्यासारखी दोन्ही बाजूंना ओढा, पंखांचं शेवटचं पेर कापून टाका, तिथे मांस नसतं.

छातीचे दोन मोठे तुकडे काढायला मधल्या हाडाला घासून वरपासून खालपर्यंत कापा, मग पातं बरगड्यांवर टेकवत मांस सोडवत जा. खाली जो लांबट वेगळा तुकडा सुटतो तो सगळ्यात मऊ, त्यातली पांढरी शीर टोकाला धरून ओढून काढा. तंगड्यांसाठी सुरी जोरात चालवायची गरज नाही, मांडी बाहेरच्या बाजूला वाकवा, खुब्याचा सांधा टक् करून सुटतो, मग सांध्यातून कापा. पाठीवर खुब्याच्या वर दोन्ही बाजूंना पेढ्याएवढे दोन गोळे असतात ते विसरू नका. पुष्कळ जण नुसती छाती काढून बाकी फेकतात, मला ते पटत नाही, शिवाय टेक्सासमध्ये मारलेल्या पक्ष्याचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. सांगाडा फोडून सूप करा.

दाढी, स्पर, शेपटीचा पंखा ठेवायचा असेल तर आता कापा. पंखा कापताना मुळाशी मांस आणि चरबी अजिबात राहू देऊ नका, बोरॅक्स म्हणजे टाकणखार चोळा, पुठ्ठ्यावर पसरून टाचण्या मारा आणि काही आठवडे गॅरेजमध्ये ठेवा. माझ्या एका पंख्यात किडे झाले, कारण चरबी राहिली होती.

मांस एक-दोन दिवस फ्रिजमध्ये राहू द्या, मग फ्रीझर किंवा चूल. छाती रश्श्यात टाकू नका, जंगली पक्ष्याला चरबी नसते, चामडं होतं. तिचे पातळ काप करून आलं-लसूण, हळद, दही लावून तव्यावर झटपट परता, आत 74 डिग्री झालं की उतरवा. तंगड्या आणि मांड्या मात्र तांबड्या रश्श्यासाठीच जन्मल्यात, पण दुकानातल्या कोंबडीचा हिशोब लावू नका, मी प्रेशर कुकरला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं देतो आणि तरी म्हातारा नर कधी कधी दाद देत नाही. तंगडीत आगपेटीच्या काड्यांसारखे कडक तंतू असतात, मांस शिजून सुटलं की वाढायच्या आधी एकेक करून ओढून काढा, आणि ते काढतानाच बोटांनी छर्रे पण चाचपून घ्या. गेल्या वर्षी एका पाहुण्याच्या ताटात एक निघाला, दाढेखाली कट् आवाज सगळ्या टेबलाला ऐकू आला.